दहा सेंटिमीटरच्या आतलं

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी काळूरामशेठच्या अंगणात गाड्या लावण्याचा मोठा सोहळा असतो. दोन ट्रेलर, एक डंपर, पाण्याचा टँकर, धाकट्या मुलाची म्हणजे प्रज्योतची नवी काळी गाडी आणि कोपऱ्यात दोन स्कूटर, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे झाली पाहिजेत. कारण पूजा झालेल्या गाडीने पहिली हालचाल पुढेच करायची, हा या घरचा नियम. नारळ फुटल्यावर गाडी मागे आली की वर्षभर धंदा मागे येतो. एका वर्षी एका नव्या ड्रायव्हरने सवयीने रिव्हर्स टाकला, आणि त्या वर्षी डिझेल महागलं. डिझेल देशभर महागलं होतं, पण काळूरामशेठ अजूनही त्या ड्रायव्हरचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात.

या वर्षी त्या रांगेत आणखी एक गाडी उभी राहायची होती. तिची लांबी वीतभर.

ती गाडी थोरल्या सुनेची, म्हणजे कल्पिताची. कल्पिताने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि लग्नाआधी तळोज्याच्या एका कारखान्यात इन्व्हर्टरचे बोर्ड तपासायचं काम केलं होतं. लग्न ठरताना काळूरामशेठने पाहुण्यांना तो डिप्लोमा अभिमानाने सांगितला, आणि लग्न झाल्यावर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायला लावला, खराब होऊ नये म्हणून. तेव्हापासून घरात मिक्सर बिघडला की कल्पिता, टीव्हीचा रिमोट चालेना की कल्पिता. एवढ्यापुरतं तिचं शिक्षण घराच्या उपयोगी पडत होतं.

गावातल्या बायका तिला म्हणायच्या, आमच्या पोरांना ते रोबोटचं शिकव ना, त्यासाठी पनवेलला कोण नेणार? तिने हॉलमध्ये वर्ग भरवूनही पाहिला. मुलं वायर जोडायला बसली की पाहुणे यायचे, पाहुणे गेले की सासऱ्यांची वामकुक्षी, आणि ती संपली की बातम्या. एका मुलाचा सेन्सर सोफ्यात गेला तो अजून सापडलेला नाही. वर्ग आपोआप बंद पडला. तेव्हापासून कल्पिताचा डोळा गाळ्यावर होता.

घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्यावर, शटरचा गाळा होता. त्यात झिजून गोटा झालेले टायर, फाटक्या ताडपत्र्या आणि साखळदंड. प्रज्योतला तिथे जिम काढायची होती. त्यासाठी त्याने आतापर्यंत एक मोठा आरसा आणून टायरांना टेकवून ठेवला होता, आणि येताजाता त्यात केस बघत होता. कल्पिताला तो गाळा हवा होता. मनापासून हवा होता. पण या घरात एखादी गोष्ट हवी आहे असं सुनेने म्हटलं की सगळे आधी तिची तब्येत विचारत.

शेवटी गणपतीत तिने धीर करून सासऱ्यांना विचारलं. नवरा दिपेश शेजारी बसून मोदक खात होता. त्याचा तिला पाठिंबा होता, पण तो एकांतातला.

"काय शिकवणार तू पोरांना?" काळूरामशेठने विचारलं.

"गाडी बनवायला, बाबा. स्वतःची स्वतः चालणारी."

आता काळूरामशेठ म्हणजे बापाच्या मिठागरातून निघून पहिला ट्रक घेतलेला माणूस. गाडी या विषयावर त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. ते खो खो हसले. "मंग बनव. दसऱ्याला आपल्या गारींच्या रांगंत उभी कर. नारळ फोडू, आन पुढं गेली दारापर्यंत, तर गाला तुझा. नायतर जिम."

प्रज्योतने तिथल्या तिथे आरशात बघायला जायचं ठरवलं.

कल्पिताने किट मागवलं. खोका उघडला तेव्हा सासूबाई, म्हणजे जनी, तांदूळ निवडायचं सूप घेऊन तिच्यासमोर येऊन बसल्या आणि रोज बसू लागल्या. पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी, तिच्यावर चिकटवलेला खाकी कागद सोलायचा. हे काम जनीने आवडीने केलं, नखांनी, भाजीसारखं. दोन पिवळ्या मोटारी, दोन चाकं, मागे आधाराला एक लोळणारी गोळी. मधे मेंदू म्हणून एक निळा बोर्ड, आणि मोटारींना वीज देणारा एक लाल बोर्ड.

"या लालला काय म्हंतात?"

"मोटर ड्रायव्हर."

"बरा हाय," जनी म्हणाली. "जेवन मागत नाय."

सगळ्यात पुढे डोळे. दोन गोल चांदीसारख्या डब्या. एकीतून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो, समोर काही असेल तर आपटून परत येतो आणि दुसरी तो ऐकते. आवाज किती वेळात परत आला त्यावरून बोर्ड ठरवतो, अडथळा किती लांब आहे. कल्पिताने सूचना लिहिली: वीस सेंटिमीटरच्या आत काही दिसलं की थांब, थोडी मागे ये, उजवीकडे वळ, पुन्हा बघ. मोकळं असेल तर चल.

पहिल्या दिवशी एक चाक पुढे आणि एक मागे फिरलं, गाडी जागच्या जागी भोवरा झाली. तिने एका मोटारीच्या तारा उलट जोडल्या. मग गाडी डावीकडे ओढू लागली, तेव्हा आतून काळूरामशेठ ओरडले, "अलायनमेंट गेलाय!" आणि पुन्हा बातम्या बघू लागले. कल्पिताने डाव्या मोटारीचा वेग थोडा वाढवला. आणि एका दुपारी गाडी सोफ्याच्या पायाशी आली, थांबली, मागे सरली, वळली आणि जनीच्या मांडीला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली.

"बाय गो!" जनी सूप टाकून उभी राहिली. "हिला दिसतंय!"

कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. बोर्ड तपासताना चुका शोधायचं काम होतं तिचं, स्वतः जोडलेलं काही चालताना तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. जनीने सुनेच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं कडाकडा मोडली. नंतर जे झालं त्याची सुरुवात या मोडलेल्या बोटांपासून झाली, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी अंगण भरलं. भाऊबंद आले, ड्रायव्हर मंडळी नवे शर्ट घालून आली. ट्रेलरच्या नाकावर झेंडूचे हार चढले, काचेवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. कल्पिता स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती, कारण रोबोट असो नसो, पुऱ्या तळायच्याच होत्या. आपली गाडी तिने पहाटेच रांगेच्या टोकाला पाटावर ठेवली होती, तोंड रस्त्याकडे करून. तिला बोलावणं आलं तेव्हा पूजा उरकली होती. ती हात पुसत धावत आली.

तिच्या गाडीची पूजा जनीने स्वतः केली होती. ट्रेलरसारखीच, काही कमी ठेवलं नव्हतं. बोर्डाच्या कडेला हळदकुंकू, वर एकच झेंडूचं फूल, चाकांपुढे लिंबाच्या चकत्या, कारण अख्खं लिंबू तिला चढवलं नसतं. काळूरामशेठने पाट काढायला लावला, एक सुपारीएवढा नारळाचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाले, "चालू कर."

कल्पिताने मागूनच हात घालून बटन दाबलं. गाडी मागे आली.

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. गाडी मागे आली, उजवीकडे वळली, क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि पुन्हा मागे आली. पुन्हा वळली. पुन्हा मागे. अशी मागे मागे सरत ती ट्रेलरच्या खाली शिरली आणि तिथे चाकाला पाठ लागेपर्यंत मागेच जात राहिली.

"वैनी, रिव्हर्सची पन पूजा करायला पायजे होती," प्रज्योत म्हणाला, आणि सगळे हसले. काळूरामशेठ हसले नाहीत. ते घामाघूम झाले होते. डिझेलचा भाव त्यांच्या डोळ्यांसमोर चढत होता.

कल्पिता ट्रेलरखाली वाकली आणि तिने पाहिलं. गाडीच्या नाकापुढे, त्या दोन चांदीच्या डोळ्यांच्या बरोब्बर समोर, काळ्या दोऱ्याने एक लहानसं लिंबू आणि दोन लवंगी मिरच्या टांगल्या होत्या. नीट, हौसेने, मध्यभागी. ट्रेलरला बंपरवर असतात तशाच. गाडी बिचारी सांगितलेलं काम चोख करत होती. समोर अडथळा होता, ती मागे सरत होती. आणि अडथळा तिच्याबरोबरच येत होता.

तिला हसूही आलं आणि रडूही आलं. तिने लिंबाला हात घातला.

"अगो, हात नको लावू!" जनी ओरडली. "पूजेतला हाय. माझी नजर लागली व्हती गो हिला त्या दिवशी, म्हनून मीच बांधलाय. सुकल्याबिगर काढत नाय."

"आई, त्याच्यामुळे तिला पुढचं दिसत नाही."

"ट्रेलरला नाय बांधत?" काळूरामशेठने विचारलं. "एवढ्या वर्षांत माझी एक गारी लिंबाला अडली नाय. लिंबाला घाबरते ती कसली गारी?"

ट्रेलरमध्ये ड्रायव्हर उंच बसतो, त्याचे डोळे बंपरवर नसतात, हे सांगायला कल्पिताने तोंड उघडलं. समोर सगळे भाऊबंद उभे होते. तिने दिपेशकडे पाहिलं. दिपेश आपट्याची पानं मोजत असल्यासारखा खाली बघत होता.

"जेवणं होईपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "लिंबासकट चालवून दाखवते."

ती माजघरात लॅपटॉप घेऊन बसली. बाहेर पंगत बसली होती आणि तिच्या पुऱ्यांची तारीफ चालली होती. तिला राग आला होता, सासऱ्यांचा, प्रज्योतचा, लिंबाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण काय करायला हवं ते तिला कळत होतं आणि आपण काय करणार आहोत तेही. मागे येण्याची सूचना तिने आधी काढून टाकली. घरचा नियमच होता तो, अडथळा दिसला तर आता गाडी जागेवर थांबून वळेल. मग तिने एक नवी ओळ घातली. दहा सेंटिमीटरच्या आत जे दिसेल ते अडथळा धरू नये. शेजारी, पुढे कधी आपल्यालाच वाचायला म्हणून, तिने मराठीत टीप लिहिली: दहाच्या आतलं घरचं.

लिहिलं आणि ती थांबली. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलानेही हे केलं नसतं. आवाज लिंबावर आपटूनच परत येणार. लिंबामागे भिंत असो, म्हैस असो की बापाचा पाय, डोळ्यांना फक्त लिंबू दिसणार, आणि लिंबू तर आता घरचं. म्हणजे गाडी आंधळी. धाडकन चालेल आणि धाडकन आपटेल.

पण चालेल. पुढे चालेल. आणि आज एवढंच बघायला सगळे जमले होते.

असली ओळ ती पहिल्यांदाच लिहीत नव्हती, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं. नोकरी सोडताना लिहिली होती. डिप्लोमा पिशवीत गेला तेव्हा लिहिली होती. हॉलमधला वर्ग मोडला तेव्हाही, घरचंच आहे सगळं, असं म्हणून तीच पुढे निघाली होती. तिने अपलोडचं बटन दाबलं.

जेवणं झाली, सुपाऱ्या कातरल्या गेल्या आणि अंगण पुन्हा भरलं. कल्पिताने गाडी खाली ठेवली, लिंबू तसंच डोळ्यांसमोर, आणि बटन दाबलं.

गाडी सुटली ती पुढे. लिंबाच्या चकत्यांवरून उडी मारून, रांगोळीचा मोर अर्धा पुसून, झेंडूचं फूल गाळत. पोरं ओरडली, ड्रायव्हर लोकांनी शिट्ट्या मारल्या. काळूरामशेठ आनंदाने फाटकाच्या दारात दोन पाय रोवून उभे राहिले, गाडीचं स्वागत करायला. गाडी सरळ त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या अनवाणी अंगठ्यावर जाऊन आदळली. आदळली आणि थांबली नाही. लिंबू अंगठ्यावर चिरडलं, दोन्ही चाकं जागच्या जागी घरघर फिरत राहिली.

"बघा!" काळूरामशेठ अंगठा न हलवता म्हणाले. डोळ्यांत त्यांच्या पाणी होतं. काही आनंदाचं, काही अंगठ्याचं. "मागं सरत नाय! याला म्हंतात गारी. दिला. गाला दिला तुना, कल्पिता."

टाळ्या पडल्या. कल्पिताला वाटलं होतं या क्षणी फार आनंद होईल.

"फक्त टायर तितंच र्‍हातील," काळूरामशेठ पुढे म्हणाले. "नवा रबर चढवायला, रिमोल्डला द्यायचे हायत."

"आनि माझा आरसा," प्रज्योत म्हणाला.

"पावसात माझ्या तांदलाच्या कोठ्या तितं ठेवू," जनी म्हणाली. "आन वर्ग सांच्याला नको, भाकरीच्या टायमाला. प्वारांच्या सगल्या गारींना मी लिंबू बांधीन."

"बघू, होईल काहीतरी," दिपेश म्हणाला. हे त्याचं आजचं पहिलं वाक्य.

कल्पिता हो हो म्हणून मान हलवत होती. टायर घरचे. आरसा घरचा. कोठ्या घरच्या. मान हलता हलता तिची नजर खाली गेली. गाडी अजून अंगठ्याला नाक लावून होती. मोटारी तापून वास यायला लागला होता. चाकं फिरत होती, गाडी एक बोटभरही सरकत नव्हती, आणि वरती सगळे टाळ्या वाजवत होते. तिच्याने ते बघवेना.

ती वाकली, तिने गाडी उचलली आणि काळा दोरा दातांनी तोडला. लिंबू तिने जनीच्या हातात दिलं.

"अगो!" जनी म्हणाली.

"आई, तुमची माया कळली मला. पण हिला बघू दे."

तिने गाडी मागे नेऊन पुन्हा सासऱ्यांसमोर सोडली. काळूरामशेठने अंगठा आत घेतला, पण गाडीने त्यांना तेवढाही त्रास दिला नाही. वीतभर अलीकडेच ती थांबली. मागे आली नाही. वळली, नीट पाहिलं, काळूरामशेठना वळसा घालून उघड्या फाटकातून रस्त्यावर गेली. दोन ड्रायव्हर तिला आणायला धावले.

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बऱ्याच जणांना आदळलेली गाडी जास्त आवडली होती.

"बाबा," कल्पिता म्हणाली. "टायर आहेत तर मुलं बसणार कुठे? गाळा दिला म्हणता, मग रिकामा द्या."

"देऊ की. उद्या काढू टायर."

"आज."

या घरात काळूरामशेठना आज म्हणणारं अजून कोणी जन्मलं नव्हतं. प्रज्योत आरशाशिवायच केस नीट करू लागला.

"आज दसरा आहे," कल्पिता म्हणाली. "एवढ्या लोकांसमोर पुढे टाकलेलं पाऊल आहे तुमचं. उद्यावर गेलं म्हणजे ते मागेच आलं ना?"

काळूरामशेठने तिच्याकडे पाहिलं. मग ट्रेलरकडे, डंपरकडे, आणि बहुधा डिझेलच्या भावाकडेही. मग ते प्रज्योतवर असे ओरडले की शेजारच्या आळीतली कुत्री उठली. "बघतोस काय? टायर काढ!"

सोनं लुटायला सगळे उशिरा निघाले, कारण नव्या शर्टातले ड्रायव्हर टायर लोळवत होते. दिपेशही लोळवत होता, आणि आपणच हे सुचवलं अशा उत्साहाने. आरसा मात्र आतच राहिला, तो हलवताना फुटेल म्हणून. आता वर्गात मुलांच्या गाड्या त्यात दुप्पट दिसतात.

जनी सगळा वेळ चिरडलेलं लिंबू हातात घेऊन उभी होती. पूजेतलं लिंबू टाकवत नव्हतं आणि ठेवायला जागा नव्हती. शेवटी तिने ते नव्या लांब दोऱ्यात ओवून गाळ्याच्या शटरच्या खालच्या कडेला मधोमध बांधलं. दुसऱ्या दिवशी कल्पिताने शटर वर केलं तेव्हा ते नेमकं तिच्या कपाळावर येऊन लागलं. तिने वर पाहिलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

कल्पिताने लिंबू काढलं नाही. स्टुलावर चढून तिने दोरा आखूड केला, समोरचं दिसेल एवढा.